गिरणगांव : एक वस्ती आणि तिचें वाङ्मय

एखाद्या शहराचें वर्णन करणें त्या मानानें सोपें आहे. त्यांतील एका वस्तीचा स्वभाव सांगणें अवघड आहे. शहराला इतिहास असतो, नकाशा असतो, इमारतींना व पुतळ्यांना नांवें असतात, आणि हें सर्व एकत्र मांडलें कीं वर्णनाचें काम पुष्कळसें भागतें. वस्तीचें तसें नाहीं. ती कोठें सुरू होते आणि कोठें संपते हेंच प्रथम कोणी निश्चितपणें सांगूं शकत नाहीं. आणि तरी तींत राहणारा मनुष्य एका ठराविक नाक्यावर येऊन पोंचला कीं, 'आतां आपण आपल्यांत आलों' असें निःशंक म्हणतो. हें 'आपल्यांत' म्हणजे काय, याचा शोध मराठी वाङ्मयानें कितपत घेतला हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्यासाठीं मुंबईच्या गिरणगांवाइतकें योग्य उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

गिरणगांव हें महापालिकेच्या कोणत्याही विभागाचें नांव नव्हे. लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड, डिलाईल रोड, वरळी, शिवडी, नायगांव आणि भायखळ्याचा कांहीं भाग, एवढा मुलूख लोकांनींच आपल्या बोलण्यांत एकत्र बांधला आणि त्याला 'गांव' म्हटलें. हा शब्द उगीच पडलेला नाहीं. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, व १८५६ सालीं ताडदेव येथें ती गिरणी चालूं झाली. पुढें गिरण्या वाढत गेल्या तशीं रत्नागिरीहून, साताऱ्याहून, पुण्या-कोल्हापुराकडून आणि मागाहून उत्तर हिंदुस्थानांतूनही माणसें आलीं. तीं मुंबईस आलीं खरीं, पण गांव सोडून आलीं नाहींत. एका गांवचे पुष्कळसे पुरुष मिळून एक खोली धरीत आणि भाडें वांटून देत. रात्रपाळीचा मनुष्य दिवसा तेथें निजे, दिवसपाळीचा रात्रीं. ज्या हातभर जागेवर एकाची वळकटी उलगडे तेथेंच दुसऱ्याची थोड्या वेळापूर्वीं गुंडाळलेली असे. खोलीचा कारभार गांवकीच्या रीतीनें चाले. दरमहा मनिऑर्डर गांवीं जाई, आणि होळी-गणपतीला किंवा शेतीच्या हंगामांत मनुष्यही जाई. ज्याला आपण 'मुंबईचा कामगार' म्हणून एका शब्दांत संपवितों, त्याचा एक पाय साच्यापुढें आणि दुसरा पाय बांधावर होता. हें ज्या लेखकाला दिसलें नाहीं त्याला गिरणगांव दिसलें नाहीं.

योगायोग असा कीं, ज्या १८५४ सालीं दावरांची कंपनी निघाली त्याच सालीं डिकन्सची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी इंग्लंडांत प्रसिद्ध झाली. प्रेस्टन येथील गिरणीकामगारांचा संप पाहण्यासाठीं डिकन्स स्वतः तेथें जाऊन आला होता. आणि त्याचें कोकटाउन हें कल्पित गिरणगांव तेव्हांपासून प्राध्यापकांच्या उपयोगीं पडत आलें आहे. आम्हींही तें वर्षानुवर्षें शिकविलें. परंतु कोकटाउन हें पाहुण्यानें पाहिलेलें गांव आहे. तेथील रस्ते एकमेकांसारखे आणि माणसेंही एकमेकांसारखीं. पाहुण्याला असें दिसणारच. राहणाऱ्याला मात्र आपल्या गल्लींतील दोन दारें कधींही एकसारखीं दिसत नाहींत. उलट आर्नल्ड बेनेट हा चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांमध्यें जन्मला आणि वाढला, एकविसाव्या वर्षीं लंडनला निघून गेला, आणि मग १९०२ सालच्या 'ॲना ऑफ द फाइव्ह टाउन्स'पासून पुन्हा पुन्हा त्याच मुलखाकडे लेखणी घेऊन परतला. त्याला त्या गांवांचा कंटाळाही आहे आणि अभिमानही आहे. वस्तीवर लिहिणाराजवळ ही दोन्ही असावीं लागतात; नुसत्या अभिमानानें स्तोत्र होतें, नुसत्या कंटाळ्यानें अहवाल होतो.

अशा लेखनासाठीं आम्ही एक साधी कसोटी लावतों. एखादी कथा जशीच्या तशी उचलून शेजारच्या वस्तींत ठेवून पाहावी. ती मोडली तर तींत वस्ती आहे. ती मोडली नाहीं, तर तेथें वस्ती ही संगीत नाटकांतील रस्त्याच्या पडद्यासारखी मागें टांगलेली आहे, एवढेंच. आमच्या टीकेनें ही कसोटी फारशी वापरलेली नाहीं. कामगारांविषयीं सहानुभूति आहे कीं नाहीं, लेखक पुरोगामी आहे कीं नाहीं, भाषा शिष्ट आहे कीं ग्राम्य, या प्रश्नांवर आम्हीं पुष्कळ शाई खर्च केली. सहानुभूति हा मनुष्याचा गुण आहे; पुस्तकांत ती वस्ती होऊन उतरली कीं नाहीं हें निराळें पाहावें लागतें.

गोविंद नारायण माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं निघालें तेव्हां गिरण्यांना जेमतेम सात वर्षें झालीं होतीं. तेव्हां त्या थोर पुस्तकाकडून या वस्तीची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. एक एक जागा आणि एक एक जात पाहत चालण्याची त्याची दृष्टि मात्र पुढें हरवली, याचें दुःख वाटतें.

चाळ म्हटलें कीं मराठी वाचकास आठवते ती 'बटाट्याची चाळ'. पु. ल. देशपांडे यांचें हें पुस्तक १९५८ सालचें. आमच्या कसोटीला तें पूर्णपणें उतरतें. पण तें गिरगांवच्या बाजूच्या पांढरपेशा जीवनाचें पुस्तक म्हणून उतरतें, आणि तें उचलून लालबागेंत ठेवलें तर तत्काळ मोडेल. कां मोडेल, हें पाहण्यासारखें आहे. त्या चाळींतील विनोदाला सर्व भाडेकरू एकाच वेळीं घरीं असावे लागतात. कचेऱ्या एका वेळीं सुटतात, मंडळी एका वेळीं गॅलरींत येतात, सभा भरते, उपास सुरू होतात, सहल ठरते. गिरणगांवांत हें शक्य नव्हतें. तेथें भोंगा दिवसाचे तुकडे करी. एका खोलींत चूल पेटे तेव्हां पलीकडच्या खोलींत मनुष्य डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेला असे, आणि मुलांना 'हळू बोला' हें पाळीप्रमाणें सांगावें लागे. वेळ ही येथें सर्वांची एक नव्हती. देशपांड्यांचा यांत कांहीं दोष नाहीं. त्यांनीं आपल्या वस्तीचें काम चोख केलें. दोष असेल तर आम्हां वाचकांचा, कीं एका चाळीला आम्हीं सगळ्या चाळींची प्रतिनिधि करून टाकलें.

गिरणगांवाचा स्वतःचा आवाज प्रथम छापखान्यांतून आला नाहीं, तो डफावरून आला. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांचें लालबावटा कलापथक १९४४ सालीं उभें राहिलें. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत या शाहिरांनीं चाळींच्या पटांगणांतून जें केलें तें वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं बहुधा राजकारणाच्या प्रकरणांत नोंदविलें आहे. अण्णा भाऊंच्या लोकनाट्यांत मुंबई ही कोणाची, हा वाद उभा राही. पटांगण हेंच तेथें नाट्यगृह होतें आणि गॅलऱ्या हेच त्याचे सज्जे होते. तेथील प्रेक्षकाला पडदा लागत नसे, कारण तो स्वतःच दृश्यांत बसलेला असे.

नारायण सुर्वे हे याच मातींतले. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगारानें रस्त्यावर सांपडलेलें मूल आपलें म्हणून वाढविलें. त्या मुलानें गिरणींत काम केलें, शाळेंत शिपायाचें काम केलें, पुढें शिक्षक झाला. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ सालचा आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ सालचा. या दोन संग्रहांत, आमच्या मतें, दोन प्रकारचें काव्य आहे. एकांत 'कामगार' हा सर्व जगाचा कामगार आहे. ती कविता मँचेस्टरलाही चालेल, लोड्झलाही चालेल. तिचा आवेश मोठा, पण वस्ती तींत विरते. दुसऱ्या प्रकारांत कोणीतरी कोणाशींतरी बोलत असतें: शेजारीण, मुलगा, ओळखीचा फिरस्ता. ही कविता मात्र जागची हलत नाहीं. बोलणाराचा हेल, त्याचें मध्येंच थांबणें, दुसऱ्यानें न विचारतां दिलेलें उत्तर, हें सारें एका भिंतीपलीकडून ऐकूं येत असल्यासारखें आहे. पातळ भिंतींची ही देणगी होय. सुर्व्यांची घोषणा आम्हीं अभ्यासक्रमांत घेतली आणि त्यांचें संभाषण विद्यार्थ्यांच्या वाचनावर सोडून दिलें. याचा हिशेब केव्हां तरी केला पाहिजे.

भाऊ पाध्ये यांनीं कामगारसंघटनेंत काम केलें होतें. त्यांची 'वासूनाका' १९६५ सालीं आली आणि आचार्य अत्र्यांच्या संतापामुळें ती वाचण्यापूर्वींच गाजली. तिला गिरणगांवाची कादंबरी म्हणतां येणार नाहीं. परंतु नाका ही एक संस्था आहे, आणि चाळीच्या खोलींत जागा नसलेला तरुण जन्माचे धडे तेथेंच घेतो, हें तिनें दाखविलें. अश्लीलतेच्या वादांत जागेचा हा मुद्दा कोणी मांडला नाहीं.

आतां जें फारसें लिहिलेंच गेलें नाहीं त्याकडे वळतों. विणकामाच्या खात्यांत धोट्यांतील कांडी संपली कीं नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोंकांतून तोंडानें ओढून काढावा लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडीं जाई. एवढ्या कारणासाठीं अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यांत येऊं दिलें जात नसे. आणि अधिक मजुरी त्याच खात्यांत होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढाऱ्यांपुढें स्पष्ट ठेवला. ते स्वतः तेव्हां परळला पोयबावडीच्या चाळींतच राहत होते. एकाच बावट्याखालीं चालणारे लोक एका धोट्याला तोंड लावूं शकत नाहींत, यापेक्षां मोठें नाट्य कोणत्या कादंबरीकाराला हवें होतें? तरी कामगारजीवनावरील आमच्या बहुतेक लेखनांत मालक आणि मजूर असे दोनच पक्ष उभे आहेत. खात्याखात्यांतील, चाळीचाळींतील, नळावरील भेद हे त्या चित्राला अडचणीचे होते, म्हणून ते बाहेर राहिले. दलित साहित्य आलें तेव्हांच ही भिंत पडली. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ सालीं निघाला. ती वस्ती गिरणगांवाच्या सीमेवरची, कामाठीपुऱ्याच्या अंगाची. त्याला विजय तेंडुलकरांनीं प्रस्तावना लिहिली, आणि त्यासाठीं त्यांना कवीला शब्दांचे अर्थ विचारावे लागले, त्याच्याबरोबर त्या भागांत हिंडावें लागलें. मुंबईंत आयुष्य काढलेल्या मराठी लेखकाला मुंबईंतीलच एका मराठी कवीचा कोश लागावा, ही गोष्ट त्या प्रस्तावनेंतील इतर कोणत्याही विधानापेक्षां आम्हांस अधिक बोलकी वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. तो विरला, आणि त्याबरोबर ती वस्तीही विरूं लागली. संपानंतरच्या गिरणगांवाला खरा लेखक मिळाला तो जयंत पवार. त्यांचें 'अधांतर' हें नाटक १९९७ सालचें. एका चाळींतील एक खोली, एक आई, वाढलेलीं मुलें. त्यांतील एकाला लेखक व्हावयाचें आहे, एक टोळीच्या वाटेनें जातो. संप रंगभूमीवर कोठेंच दिसत नाहीं, पण प्रत्येक वाक्याला त्याचा धक्का लागलेला आहे. येथें वस्ती दारांतून आंत येते, उंबऱ्याशीं उभी राहते, पैसे मागते, बातमी सांगते. हें नाटक दादरच्या फ्लॅटांत नेऊन ठेवा. पहिल्या प्रवेशांतच तें मोडेल, कारण दार बंद असेल. पवारांचा दुसरा मोठा गुण असा कीं, त्यांना आपल्या माणसांची कींव येत नाहीं. २०१२ सालीं साहित्य अकादमीनें गौरविलेल्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या त्यांच्या कथासंग्रहाच्या नांवांतील फिनिक्स हा कथेंतला पक्षी तर आहेच. परंतु लोअर परळची त्या नांवाची गिरणी आणि तिच्या जागेवर उभा राहिलेला झगझगीत बाजार आठवल्यावांचून तें नांव वाचतां येत नाहीं. २०२१ सालीं पवार गेले. त्यांच्या लेखनाचा विचार 'मुंबईचा कथाकार' या सैल विशेषणावर थांबूं नये.

कारण दुसरीकडून आठवणींचा पूर सुरू झाला आहे. आतां गिरणगांव म्हटलें कीं गणेशोत्सव, होळी, गॅलरींतील गप्पा, शेजारणीनें दिलेली भाजीची वाटी आणि सर्वांचीं उघडीं दारें. हें खोटें नाहीं. पण दार उघडें असे त्याचें एक कारण खोलींत हवा नसे, हेंही होतें. १९२० नंतरच्या दशकांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींची खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी मिळून अशा २०७ चाळी. त्या खोलींत एक संसार, आणि पुष्कळदां त्यावर दोन-चार गांवचे पोटभाडेकरू. सकाळीं गिरणीच्या दाराशीं बदली कामगारांची रांग. जॉबरची मर्जी असेल तर काम, नसेल तर परत. पठाणाचें व्याज वेगळेंच. या चाळींच्या जागीं आतां उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि तेथें गेलेला म्हातारा 'जुनें तें सोनें' म्हणेल तर त्याला तो अधिकार आहे, कारण त्यानें दोन्ही भोगलें. लेखकानें मात्र त्याच्या तोंडचा उसासा उतरून घेऊन त्याला वाङ्मय म्हणूं नये.

आठवणींतून सर्वांत सफाईनें गळून पडली ती खानावळवाली. गांवाहून एकटा आलेला पुरुष जेवे कोठें? चाळींतलीच एखादी बाई दहा-वीस जणांना दोन वेळचें जेवण घाली. जेवणाराचे पैसे पगार झाल्यावर येत. वाणी धान्य उधार देई, आणि व्याज त्या बाईच्या माथ्यावर चढे. संप झाला कीं जेवणारे जेवत, पण पैसे येत नसत. म्हणजे संपाचा खर्च भाकरीच्या रूपानें ती देत असे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें आणि या बायकांना बँकेचें कर्ज मिळूं लागलें. ही केवळ समाजकार्याची बाब नव्हे. गिरणगांवांतील माणसें एकमेकांना कोणत्या धाग्यानें बांधलेलीं होतीं, याचें उत्तर कोणत्याही युनियनच्या दप्तरापेक्षां खानावळीच्या उधारीच्या वहींत अधिक स्पष्ट असणार: कोण कोणत्या गांवचा, कोणाची पाळी कोणती, कोण आजारी, कोण दोन महिने देणें थकवून गांवीं गेला. वस्तीचा सारा आलेख तेथें आहे. आणि आमच्या कादंबरीनें त्या चुलीपुढें बसून एकही संबंध प्रकरण खर्च केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

जालन्यासारख्या गांवीं बसून मुंबईच्या वस्तीची एवढी चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणेल. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. येथून त्या गिरण्यांत गेलेले लोक त्यामानानें थोडे. परंतु त्यामुळेंच गिरणगांव आम्हांस पुस्तकांतून भेटलें, आणि पुस्तकाची परीक्षा पुस्तक म्हणून करण्याची पाळी आमच्यावर आली. कुंडलिकेनें जालन्याचे जुना आणि नवा असे दोन भाग केले आहेत. कादराबाद नव्या बाजूला. 'जालना, सोन्याचा पाळणा' ही म्हण कापसाच्या व किराण्याच्या पेठेच्या काळची. पुढें १९६४ पासून बियाण्यांचा धंदा वाढला, आणि मग लोखंडाच्या सळयांचे कारखाने आले. त्या भट्ट्यांवर काम करण्यासाठीं बिहार व उत्तर प्रदेशांतून माणसें येतात. औद्योगिक वसाहतीलगत चंदनझिऱ्याच्या बाजूला पाळी सुटतांना जाऊन उभें राहिलें, तर गांवाकडे पैसे धाडणारा, परक्या भाषेंत वाण्याशीं हिशेब घालणारा आणि दिवसा झोपणारा मनुष्य कसा असतो, हें समजण्यास सुर्व्यांच्या संग्रहाची वाट पाहावी लागत नाहीं. तरी आमचे विद्यार्थी 'कामगार वस्ती' म्हटलें कीं लालबागचें नांव घेतात.

यंदा म्हणून आम्हीं निबंधाचा नेहमींचा विषय बदलून 'माझी गल्ली : एक दिवस' असा दिला. दिवस साधा असावा, सणाचा नसावा, अशी अटही घातली होती. पहिल्या खेपेचे निबंध आले आहेत. बहुतेकांनीं गणेशोत्सव लिहिला आहे. एका मुलीनें मात्र आपल्या गल्लींत नळाला पाणी येतें त्या दिवसाचें वर्णन केलें आहे, आणि कोणाची घागर कोणाच्या मागें लागते हें क्रमवार दिलें आहे. शुद्धलेखन वाईट आहे.